सरांचा शिक्रा

चौकातला सिग्नल लाल होता आणि मी कामावरून घरी निघाले होते, बाकी काही घडत नव्हतं. शेजारी एक सायकल येऊन टेकली. आमच्या पक्षी मंडळाचे चिटणीस. एक पाय फुटपाथवर ठेवून ते हसत म्हणाले, "वहिनी, रविवारी सगळे येतोय हं मालधक्क्यावर. सरांचा शिक्रा बघायला. तुमची तेवढी साक्ष राहिलीय. ती झाली की सोमवारी फलकावर रंगवूनच घेतो." मी काही म्हणायच्या आत दिवा हिरवा झाला आणि घंटी वाजवत ते निघूनही गेले. मी मात्र जागची हलले नाही. मागून कुणीतरी "बाई, चालायचंय की उभंच राहायचंय?" म्हणालं, कुणाची तरी पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटली, दिवा पुन्हा लाल झाला तरी मी तिथेच. सरांचा शिक्रा. दोन शब्द, आणि दोन्ही खोटे. तो शिक्रा नव्हता आणि तो सरांचाही नव्हता. सर म्हणजे माझा नवरा, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणते, चारचौघांत मीही सरच म्हणते, घरात अहो. आणि तो पक्षी म्हणजे एक छोटा ससाणा. आमच्या इमारतीमागे बंद पडलेला मालधक्का आहे, तिथे थंडी सुरू झाल्यापासून येतो. तो मी पाहिला. मी ओळखला. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना, तोंडात चिमटा धरून.

शिक्रा म्हणे! शिक्र्याचे पंख आखूड आणि टोकाला गोल असतात, आणि तो झाडाआडून झेपावतो, भुरट्या चोरासारखा. याचे पंख लांब, टोकाशी निमुळते, विळ्याच्या पात्यासारखे. शिक्र्याचा डोळा पिवळा नाहीतर लालभडक. पाहिलं की वाटतं, हा आपल्यावर चिडलाय. याचा डोळा काळा, पार काळा, आणि डोळ्याखाली काजळ ओघळावं तशी एक रेघ. आणि हे सगळं राहू द्या बाजूला, ज्यानंतर कुणाला शंकाच उरू नये अशी गोष्ट म्हणजे हा हवेत थांबतो. वाऱ्याकडे तोंड करतो, शेपटी पसरतो, पंख भराभरा हलवतो आणि एका जागी उभा राहतो. पंख हलतात, शेपटी वळते, डोकं मात्र तसूभर हलत नाही. डोकं खाली गवतात कुठेतरी नेमकं रोखलेलं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हातातला ओला टॉवेल माझ्या पायांवर ठिबकत होता आणि ते मला बऱ्याच वेळाने कळलं. मग तो खाली येऊ लागला, जिना उतरावा तसा, थोडा उतरून थांबायचा, पुन्हा थोडा उतरायचा, आणि शेवटी एकदम गवतात पडला. वर आला तेव्हा पायात उंदीर होता. मला इतका आनंद झाला की मी आत येऊन यांना काही सांगितलंच नाही. पुढेही बरेच दिवस सांगितलं नाही. तेवढे दिवस तो माझा होता.

आता सांगायला हवं की मंडळाचा एक नियम आहे. एकट्यादुकट्याने पाहिलेला पक्षी आम्ही धरत नाही. एकाने नाव घ्यायचं आणि दुसऱ्याने "पाहिलं" म्हणायचं. सरांच्या पक्ष्याला ही साक्ष माझीच, असा रिवाजच पडलाय. दोघांचं झालं की त्या वर्षी भागात नव्याने दिसलेला पक्षी वाचनालयाच्या भिंतीवरच्या फलकावर जातो, तैलरंगात. वर पक्ष्याचं नाव आणि मापं, खाली पाहणाऱ्यांची नावं. त्या फलकावर यांचं नाव इतक्या वेळा आहे की नवीन माणसाला वाटेल, यांनीच पक्षी पाळलेत. आणि यांच्या नावापुढे दरवेळी काय, तर "व सौ." सौ.च्या पुढे टिंब आणि टिंबाच्या पुढे भिंत. एकदा मी चिटणिसांना विचारलं होतं की बाबा, सौ. कोण, तिला काही नाव आहे की नाही. ते म्हणाले, "अहो वहिनी, रंगाऱ्याला जागा पुरत नाही." बगळ्याच्या शेपटीची लांबी लिहायला जागा पुरते, ती बरी पुरते.

"पाहिलं" हा माझा शब्द. किती वर्षं म्हणत आले. तळ्याकाठच्या चिखलात, टेकडीवर, धुक्यात, मुलगी पोटात असताना, मुलगी कडेवर असताना, ती नोकरीला परगावी गेल्यावर. हे नाव घ्यायचे, मी पाहिलं म्हणायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत यांनी मला तळ्यावर नेलं होतं. कमळाच्या पानांवरून काहीतरी तुरुतुरु चालत गेलं आणि मी बोट दाखवून ओरडले, "ते बघा!" पक्षी उडाला. हे रागावले नाहीत. हे कधी रागावतच नसत, समजावून सांगत, आणि ते जास्त लागे. म्हणाले, "बोट दाखवायचं नाही. ओरडायचं नाही. दिसलं तर हळूच मला सांगायचं." तेव्हापासून मी हळूच यांना सांगत आले. लहानपणी घरात आत्या, मावश्या, आई सगळ्या शिवायला बसल्या की मला हाक मारायच्या, पोरीची नजर बरी आहे, ओव गं एवढी सुई. मी सुया ओवत राहायचे, एकीची झाली की दुसरीची, आणि झगे तयार व्हायचे त्यांचे. नजर माझी, शिवण त्यांची. त्या वयात याचं काही वाटलं नाही. सिग्नलवरून घरी चालत येताना वाटलं, आणि असं वाटलं की तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण आता गोष्ट नुसती हळूच सांगण्याची राहिलेली नाही. यांना दिसत नाही. सगळंच नाही असं नव्हे, कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, जिना दिसतो, ताटली दिसते, पण जिथे बघावं नेमकं तिथे करडा डाग. माणूस समोर आला तर कान आणि खांदे दिसतात, चेहरा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे परत येणारं नाही. बाहेर पडल्यावर जिन्यात हे थांबले आणि म्हणाले, "मंडळात कळता कामा नये." मी म्हटलं, बरं. काय म्हणणार होते? माणसाचं सगळं आयुष्य डोळ्यांत होतं आणि ते डोळेच गेले होते. त्या दिवशी मला यांची फार दया आली, ती खोटी नव्हती. मग आमची एक रीत पडली. मंडळाच्या फेरीच्या दिवशी मी यांना खेटून उभी राहायची आणि प्रश्न विचारल्यासारखं करायची. "अहो, याची चोच वाकडी आहे ना?" "पोटावर आडव्या रेघा आहेत, नाही?" "फांदीवरून सारखा शेपटी आपटतोय, का हो?" मी विचारतेय आणि सर समजावतायत असं लोकांना वाटायचं. हे क्षणभर दुर्बीण डोळ्यांना लावायचे आणि नाव घ्यायचे. बरोबर घ्यायचे. डोक्यात सगळं शाबूत आहे यांच्या, पिसान् पीस शाबूत आहे. लोक म्हणायचे, वा सर, काय नजर आहे! आणि मी, जिने ती चोच, त्या रेघा, ती शेपटी पाहिली, ती पुढे सरून म्हणायची, पाहिलं.

आणि ती दुर्बीण! यांच्या निवृत्तीला जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून दिलेली, चांगल्यातली चांगली. ती चामड्याच्या डबीत असते, रोज संध्याकाळी हे ती बाहेर काढून मऊ फडक्याने पुसतात, भिंगाला बोट लागू देत नाहीत, आणि फेरीच्या दिवशी ती यांच्या गळ्यात. मी वापरते ती जुनी. स्कूटरवरून पडली तेव्हापासून तिच्या दोन नळ्यांचं एकमेकींशी पटत नाही. दोन्ही डोळे लावले की एका पक्ष्याचे दोन होतात आणि थोड्या वेळाने कपाळ ठणकायला लागतं. म्हणून मी डावा डोळा मिटते आणि एकाच नळीतून बघते. एकदा मी म्हटलं होतं, तुमची देता का जरा, तर म्हणाले, "नको, ती माझ्या डोळ्यांना लावून ठेवलीय. तू चाक फिरवशील, मग मला पुन्हा जुळवत बसावं लागेल." हे डोळे गेल्यानंतरचं बोलणं. मी तेव्हा मुकाट्याने माझी जुनी उचलली, याचंच मला आता आश्चर्य वाटतं.

मागच्या रविवारी फेरी मालधक्क्यावरूनच निघायची होती, कारण पलीकडच्या नाल्यात बदकं उतरली होती. गंजलेल्या रुळांपाशी सगळे जमले, चहाचे कागदी कप फिरले, आणि तो आला. मला वाटलं होतं, इतक्या माणसांच्या गलक्यात येणार नाही. आला, आणि गवतावर, सगळ्यांच्या देखत, हवेत उभा राहिला. आपलं लपवलेलं काहीतरी कुणी चव्हाट्यावर आणावं तसं झालं आणि तरी बरंही वाटलं. मी नेहमीप्रमाणे यांना खेटले. "अहो, एका जागी थांबून पंख मारतोय ना? पंख टोकाशी निमुळते आहेत, नाही का?" एवढ्यात मंडळात नव्यानेच आलेली दातांची डॉक्टर मोठ्याने हसली. हुशार मुलगी आहे, मनात काही नसतं तिच्या. म्हणाली, "सर, वहिनी तर पेपर फोडतायत!" सगळे हसले. मीही हसले. हे हसले नाहीत. यांनी दुर्बीण खाली घेतली, डोक्यावरची कॅप सारखी केली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "शिक्रा. मादी." आणि मग काय, तो शिक्राच झाला. ज्यांना धडधडीत दिसत होतं त्यांनाही शिक्राच दिसला. मी पाहिलंय, नाव ऐकल्यावर कुणी पक्षी पाहत नाही. सगळे माना डोलावत होते, डॉक्टरने उजेडाविरुद्ध काढलेल्या फोटोत एक काळा ठिपका आला होता, तोही शिक्रा. चिटणीस माझ्याकडे वळले, "वहिनी?" माझ्या तोंडाशी शब्द येऊन थांबला. सवयीचा शब्द, नुसता सोडून द्यायचा होता. मी म्हटलं, "मला नीट दिसला नाही." तेवढीच माझी हिंमत. चिटणीस म्हणाले, काही हरकत नाही, पुढच्या रविवारी.

औषधाच्या कारखान्यात मी काचेच्या कुप्या बघते. इंजेक्शनच्या कुप्या, भरून आल्या की आमच्यासमोरून जातात. पुढ्यात दिवा, मागे अर्धा फळा काळा आणि अर्धा पांढरा. कुपी मानेशी धरायची, हलकेच फिरवायची, काळ्यावर धरायची, पांढऱ्यावर धरायची. काळ्यावर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. केसाएवढी चीर असेल, बुडबुडा असेल, काही तरंगत असेल, तर ती कुपी लाल खोक्यात. थोड्या वेळाने उठवतात, डोळ्यांना विश्रांती द्या म्हणतात, मग पुन्हा. आता एक गोष्ट लक्षात घ्या, मी कुपी लाल खोक्यात टाकली की तिथे कुणी मला विचारत नाही की बाई, दुसऱ्या कुणी पाहिलं का? मॅनेजर येऊन ती परत बाहेर काढत नाही. माझ्या नजरेवर माणसांच्या अंगात सुया जातात. आणि घरी आलं की त्याच डोळ्यांची किंमत शून्य, घरी आलं की ते डोळे सौ. टिंब. हे मला आजवर कधी सुचलं कसं नाही, या विचारानेच मला जिन्यात दम लागला. आमच्या जिन्याला धाप लागावी असे मजले नाहीत.

हे खुर्चीत बसून दुर्बीण पुसत होते. "आलीस?" म्हणाले. मी पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले, आणि विचारायचं नव्हतं तरी विचारलं. "चिटणीस भेटले होते. रविवारी येतायत सगळे. तुम्हाला तो खरंच शिक्रा वाटला?"

फडकं थांबलं नाही. "एका जागी थांबून पंख मारतोय म्हणालीस. शिक्रा असं करतो का कधी?"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"ससाणा. छोटा. तू अर्ध्यात होतीस तेव्हाच कळलं."

"मग शिक्रा का म्हणालात?"

यांनी फडकं मांडीवर ठेवलं. भिंग उजेडाकडे धरलं, जणू काही त्यावरचा डाग यांना दिसणारच होता. मग म्हणाले, "वर्गात मागच्या बाकावरून पोरं उत्तर सांगतात ना, तसं झालं ते. त्या पोरीसमोर. तुझं उत्तर मला नको होतं, बस्स."

मला वाटतं, हे "मला दिसलं नाही" म्हणाले असते, "चुकलं" म्हणाले असते, तर मी यांच्या पाठीवरून हात फिरवला असता आणि रविवारी पाहिलं म्हणून मोकळी झाले असते. शिक्रा तर शिक्रा, पक्ष्याला काय फरक पडतो? पण यांना कळलं होतं. समोर खरं आहे हे माहीत असून यांनी ते पायाखाली घातलं, का, तर ते माझ्या तोंडून आलं होतं. इतकी वर्षं मी सांगत होते ते चालत होतं, कारण कुणाला ऐकू येत नव्हतं. ऐकू आलं, तेव्हा लगेच खोटं परवडलं. आणि वर त्या खोट्याला माझीच साक्ष हवी. मी म्हटलं, "रविवारी मी शिक्रा म्हणणार नाही." हे म्हणाले, "मग सगळं बाहेर येईल." मी म्हटलं, "येऊ द्या." माझा आवाज इतका वर गेला होता की शेजारच्यांचा रेडिओ लहान झाला. यांनी दुर्बीण डबीत ठेवली, डबीचं बटण लावलं आणि जेवायला वाढ म्हणाले. मी वाढलं. तेही मला आता आठवतं आणि राग येतो, की मी वाढलं.

मुलीला कसं कळलं देव जाणे, बहुतेक यांनीच फोन केला असेल. शनिवारी तिचा फोन. "आई, बाबांना लोकांसमोर असं करू नकोस गं. एका पक्ष्यासाठी?" मी म्हटलं, "तू कामावर हिशोब करतेस ना? उद्या तुझ्या साहेबाने चारातून दोन वजा केले आणि तीन सांगितले, तर तू सही करशील? एका आकड्यासाठी?" ती म्हणाली, "ते वेगळं." मी विचारलं, कसं वेगळं. ती म्हणाली, "बाबांचं आता उरलंय काय, आई? तेवढंच तर आहे." हे मात्र मला लागलं. फोन ठेवून मी गॅलरीत गेले. तो खांबावर बसला होता, पाठ माझ्याकडे, विटकरी पाठ, त्यावर काळे ठिपके, वाऱ्याने मानेची पिसं उलटी होत होती. मी एका डोळ्याने बघत बसले. तेवढंच तर आहे यांचं. आणि माझं? माझं तेवढंही नाही. मी हातातली जुनी दुर्बीण कठड्यावर ठेवली, आणि आतून यांच्या काठीचा आवाज आला. काठी हे फक्त घरात वापरतात, बाहेर नाही. हे गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले. "आहे का?" विचारलं. मी उत्तर दिलं नाही. थोडा वेळ उभे राहून हे परत गेले. माझ्या आयुष्यात यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही असं ते पहिल्यांदाच, आणि संध्याकाळभर मला त्याचं वाईटही वाटत राहिलं आणि बरंही.

रविवारी वारा होता. सगळे आले, नेहमीपेक्षा जास्तच. चिटणिसांनी थर्मास आणला होता, कुणीतरी घरून बायकोलाही आणलं होतं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कॅप. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. पायरी आली की मी रोजच्यासारखी यांच्या कोपराला हात लावत होते, तेवढंच बोलणं. तो खांबावर होता. मग उठला आणि उजवीकडे गवतावर जाऊन वाऱ्यात थांबला, अगदी समोर, कुणालाही दिसावा असा. "तो बघा सरांचा शिक्रा!" एकच गलका झाला. दुर्बिणी वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. चहा गार होत होता. चिटणीस मला म्हणाले, "चला वहिनी, म्हणा एकदाचं."

मी म्हटलं, "शिक्रा नाही तो. छोटा ससाणा आहे. हवेत थांबलाय बघा. शिक्रा असा थांबतो का? आणि आधी मी पाहिलाय, सरांनी नाही."

कुणीतरी थट्टा समजून हसलं आणि मधेच थांबलं. आता वर बघायला काय हरकत होती? पक्षी आकाशात हजर होता, हातभर अंतरावर म्हणा ना, पंख हलवत, सगळा पुरावा अंगावर घेऊन. एकानेही वर पाहिलं नाही. सगळे वळून यांच्याकडे बघायला लागले. चिटणीस अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सर?"

यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. सावकाश, नेहमीच्या डौलात. आणि डावीकडे वळवली. डावीकडे मालधक्क्याची पाण्याची टाकी आहे, गंजलेली, चार खांबांवर. टाकीकडे हे खूप वेळ पाहत राहिले. "पाहिलं," म्हणाले. अगदी माझ्यासारखं म्हणाले, तोच सूर, तीच घाई. "ससाणाच आहे. ही म्हणते ते बरोबर."

"वा!" चिटणीस खूश झाले. भांडण मिटल्याचा आनंद होता तो, पक्ष्याचा नव्हता. "मग यंदा उलटं रंगवू. सौ. व सर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! दातांची डॉक्टर तेवढी वाजवत नव्हती. ती यांच्या दुर्बिणीकडे बघत होती, मग टाकीकडे, मग गवतावरच्या पक्ष्याकडे.

मी जिंकले होते. घरी जाऊन मला कुणी काही म्हणालं नसतं, यांचीही झाकली मूठ राहिली असती, मुलगी म्हणाली असती, बघ, झालं ना. यांना नक्कीच वाटलं असेल की आपण फेडलं. इतकी वर्षं हिने आपल्यासाठी म्हटलं, एकदा आपण हिच्यासाठी. पण मी बघून म्हणत होते! थंडीत, चिखलात, ठणकणाऱ्या कपाळाने, एक डोळा मिटून, पण बघून. आणि माझ्या वाट्याला जन्मात एक पक्षी आला तर त्याला साक्षीदार मिळाला तो टाकी बघणारा. माझा खरा पक्षी यांच्या खोट्यावर उभा करून भिंतीवर रंगवणार, आणि मी त्याखाली सौ. टिंब म्हणून आनंदाने उभी राहायची. कुपीत तंतू दिसत असताना ती पुढे जाऊ द्यायची.

"तिकडे टाकी आहे," मी म्हणाले.

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने, बोट दाखवून. "टाकी आहे तिकडे. पक्षी इकडे आहे. यांना दिसत नाही. मधलं काही दिसतच नाही, कधीपासूनच. यांनी शिक्राही पाहिला नाही आणि ससाणाही पाहिला नाही. मी सांगत होते. सगळं मी सांगत होते."

वारा होता, आणि रुळांच्या फटीतलं गवत सळसळत होतं. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील, समजावून सांगतील, सगळ्यांना पटेल असं. यांनी दुर्बीण खाली घेतली. चेहरा एकदम म्हातारा दिसला, आणि तरी मला दया आली नाही. "खरं आहे," हे म्हणाले. वर्गातल्या आवाजात, मागच्या बाकापर्यंत जाईल असं. "मला दिसत नाही."

चिटणीस घसा खाकरून म्हणाले, "पण मग साक्ष... म्हणजे नियमाप्रमाणे..." मी म्हटलं, "राहू द्या तुमचा नियम. रंगवू नका काही." आणि यांच्यापुढे हात केला. "दुर्बीण द्या."

पट्टा कॅपमध्ये अडकला. डॉक्टर मदतीला पुढे झाली, यांनी तिचा हात बाजूला केला आणि पट्टा स्वतःच सोडवला, कॅप खाली पडली तरी उचलली नाही, आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. ती यांच्या छातीच्या उबेने गरम होती. मी डोळ्यांना लावली, दोन्ही डोळ्यांना, आणि मला नुसता करडा धूर दिसला. चाक फिरवायला गेले तर ते फिरेना. इतक्या वर्षांत कुणी फिरवलंच नव्हतं, जागच्या जागी धरून बसलं होतं. मी अंगठ्याने जोर लावला. कुरकुरलं, आणि सरकलं, आणि एकदम तो समोर आला.

एकच पक्षी. दोन नाहीत. काळ्या डोळ्याभोवती बारीक पिवळं कडं होतं, हे मला माहीतच नव्हतं. पोटावरचा एकेक ठिपका सुटा. वाऱ्याने पंखाचं टोक लवत होतं आणि मधोमध ते डोकं, खिळा ठोकल्यासारखं. चोचीच्या कडेला वाळलेल्या गवताची काडी चिकटली होती, तीसुद्धा दिसली. हे सगळं होतं. इतकी वर्षं हे सगळं होतं, यांच्या गळ्यात लोंबत होतं, रोज संध्याकाळी फडक्याने पुसलं जात होतं, आणि मी फुटक्या नळीतून डोळा मिटून त्याचा अंदाज करत होते! डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याचाही राग आला, कारण पाण्याने पक्षी पुसट व्हायला लागला. मी बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. तो तिथेच होता. जरासा खाली उतरून थांबला.

यांचा हात माझ्या कोपराला लागला. "काय दिसतंय गं?" यांनी विचारलं. हळूच विचारलं, मी इतकी वर्षं विचारत आले त्या आवाजात.

"थांबा," मी म्हणाले. "मला पाहू द्या."